आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, घरी भरलेली काडतुसं: खर्च किती, फसगत कुठे

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांकडे कायदेशीर मार्गाने घेतलेलं दोन इंची नळीचं .३८ स्पेशल किंवा .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. दुकानातलं सरावाचं काडतूस महाग पडतं, हाताला झटका फार बसतो, म्हणून काडतुसं घरीच भरावीत असा विचार करत असाल, तर प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) मागवण्याआधी हे वाचा.

पैशांचं नंतर. आधी तुमचा इमिग्रेशन दर्जा तपासा.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याप्रमाणे बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला तुम्हाला मनाई आहे. काही मोजके अपवाद आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा. दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. कायद्याच्या व्याख्येत रिकामं ब्रास (काडतुसाचं कवच), प्रायमर, गोळी आणि पावडर ही चारही येतात. म्हणजे बंदूक मित्राची आणि तुमच्या गॅरेजमध्ये फक्त प्रायमरचं खोकं, तरीही गुन्हा तोच. २०२२ पासून याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि व्हिसाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. आय-४८५ भरला म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं होत नाही. कार्ड हातात आल्यावरच पुढे जा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला रेहैफ खटला याच जातीचा. विद्यार्थी व्हिसावर आलेला, शिक्षण सुटल्यामुळे दर्जा गमावलेला तरुण फायरिंग रेंजवर गेला आणि तिथून प्रकरण उभं राहिलं. न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने फिरवला, पण तोवर त्याला शिक्षा होऊन गेली होती.

घरात आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर राहायला आले असतील तर सामान कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे. हौस म्हणून बाबांना रेंजवर नेऊन हातात रिव्हॉल्व्हर देऊ नका. ते तात्पुरत्या व्हिसावर आहेत, म्हणून तीच मनाई त्यांनाही लागू आहे.

राज्याचे कागद

स्वतःपुरती काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. मित्राला 'फक्त सामानाचे पैसे दे' म्हणून पन्नास काडतुसं देणं हाही व्यवहारच. त्या भानगडीत पडू नका. त्यातलं एखादं काडतूस वाईट निघालं तर बोटं त्याची जातील आणि दावा तुमच्यावर येईल.

राज्यांचे नियम मात्र सारखे नाहीत. एडिसन, आयसलिनकडे राहत असाल तर न्यू जर्सीत हँडगनचा दारूगोळा घ्यायला फायरआर्म्स आयडी कार्ड दाखवावं लागतं. त्याची फी ५० डॉलर. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, १० डॉलर, दहा वर्षं चालतं. मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्याची फी १०० डॉलर आणि तिथल्या व्याख्येतही ब्रास, प्रायमर, गोळी, पावडर हे सगळं दारूगोळ्यात धरतात. टेक्ससमध्ये असलं राज्याचं कार्ड नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि दारूगोळ्यावर ११ टक्के जादा राज्यकर आहे, त्यामुळे तिथे दुकानातल्या खोक्याची खरी किंमत लेबलवर दिसते त्याहून जास्त पडते. तुमच्या राज्याच्या पोलिस खात्याची किंवा न्याय विभागाची वेबसाइट त्याच दिवशी उघडून पाहा. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनामा काढा. कित्येक अपार्टमेंट्सच्या करारात स्फोटक आणि ज्वालाग्राही वस्तूंना सरसकट बंदी असते. घराच्या विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेत घरात नुसत्या मूळ डब्यांत ठेवायच्या धूरहीन पावडरची मर्यादा २० पौंड. प्रायमर १०,००० पर्यंत. तुमच्या गावाचा नियम याहून कडक असू शकतो. नवशिक्याला एक पौंड पावडर आणि एक हजार प्रायमर पुष्कळ झाले.

एकदाचा खर्च

सिंगल स्टेज प्रेस साधारण ६० डॉलरपासून मिळतो. टरेट प्रेस १७० ते २००. कार्बाइड डाय (ब्रासला आकार देणारे साचे) ५० ते ७०. पावडर मोजणारं यंत्र ३५ ते १००. वजनकाटा ३५ ते १००. कॅलिपर २५ ते ३५. चुकीचं काडतूस उलगडायचा हातोडा २० ते २५. ब्रास उभं ठेवायचा ठोकळा १०. संरक्षक चष्मा १०. मॅन्युअल ३५ ते ४०. काटकसरीने घेतलं तर २८० डॉलरमध्ये सुरुवात होते. टरेट घेतला, काटा बरा घेतला की ४०० च्या पुढे. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण अंदाजपत्रक ४०० चं धरा.

प्रोग्रेसिव्ह प्रेस घेऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी. त्यात एका खेचेत पाच कामं होतात आणि नजर एकाच वेळी पाच ठिकाणी राहत नाही. सिंगल स्टेजवर तासाला पन्नास-साठ काडतुसं होतात, टरेटवर शंभर-दीडशे. रिव्हॉल्व्हरवाल्याला एवढं पुरतं.

काटा घेताना पाच-दहा डॉलर वाचवू नका. सोबत तपासणीची वजनं घ्या. ती नसतील तर काटा बरोबर आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. डाय घेताना कार्बाइडच घ्या. स्टीलच्या डायला प्रत्येक ब्रासला वंगण लावायचं आणि नंतर पुसायचं काम वाढतं. काही कंपन्यांच्या डायसोबत ब्रास धरणारा शेल होल्डर येतो, काहींचा वेगळा घ्यावा लागतो. मागवण्याआधी खोक्यात काय आहे ते वाचा.

मॅन्युअल विकत घ्याच. लायमन, हॉर्नडी, स्पीअर यांपैकी कुठलंही चालेल. पावडर कंपन्या आपले आकडे वेबसाइटवर फुकट देतात, ते सोबतीला ठेवा. पण दुसऱ्याने सांगितलेलं माप, मग तो वीस वर्षं भरत असला तरी, छापील मॅन्युअलशी पडताळल्याशिवाय वापरू नका.

दर काडतुसाचा हिशेब

दुकानातलं .३८ स्पेशलचं सरावाचं पन्नासांचं खोकं २२ ते ३० डॉलर. मधला आकडा २५ धरला तर एक काडतूस ५० सेंट, वर विक्रीकर. दारूगोळ्यावरचा ११ टक्के संघीय कर उत्पादकाकडून घेतला जातो. तो किमतीत आधीच मिसळलेला असतो.

घरचं काडतूस: प्रायमर ७ सेंट, कोटिंग केलेली शिशाची गोळी १० सेंट, पावडर अडीच सेंट. पावडरचा हिशेब असा. पौंडात ७,००० ग्रेन. दर काडतुसाला चार ग्रेन धरले तर १,७५० काडतुसं. डबा ४० डॉलरचा असेल तर एका काडतुसाला सव्वादोन ते अडीच सेंट. चार ग्रेन हा फक्त हिशेबाचा आकडा आहे. तो भरायचं माप म्हणून कुठेही लिहून ठेवू नका. ब्रास तुमचंच, पुन्हा वापरलेलं, म्हणून शून्य.

एकूण वीस सेंट. वाचले तीस. ४०० डॉलर वसूल व्हायला साधारण १,३३० काडतुसं लागतात. महिन्याला शंभर मारत असाल तर तेरा-चौदा महिने. पन्नास मारत असाल तर दोन वर्षांच्या पुढे. दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि थँक्सगिव्हिंगला एकदा रेंजवर जाणाऱ्याने प्रेस घेऊ नये. त्याचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत. दुकानातली हलक्या झटक्याची १४८ ग्रेन वॉडकटर काडतुसं घ्यावीत, हाताला बरं वाटेल.

आता लपलेला खर्च. सर्वांत मोठा हॅझमॅटचा. प्रायमर आणि पावडर ऑनलाइन मागवली की धोकादायक मालाची वेगळी फी लागते, एका पार्सलला साधारण २० ते ५० डॉलर. ती ऑनलाइन कार्टमध्ये माल टाकताना दिसत नाही, शेवटच्या पानावर दिसते. हजार प्रायमर ७० डॉलरचे, हॅझमॅट ३५, शिपिंग १५. झाले १२०. सात सेंटचा प्रायमर बारा सेंटला पडला, म्हणजे तुमच्या तीस सेंटच्या बचतीतले पाच गेले. उपाय तीन: स्थानिक दुकानातून घ्या, तिथे ही फी नाही. किंवा प्रायमर आणि पावडर एकाच दुकानातून एकाच पार्सलमध्ये मागवा. किंवा 'हॅझमॅट माफ' अशी सवलत निघेपर्यंत थांबा, वर्षातून काही वेळा निघतेच. पोस्टाने मात्र यातलं काही पाठवू नका. अमेरिकन टपाल खात्याला प्रायमर, पावडर, काडतुसं तिन्ही वर्ज्य आहेत.

करोनाच्या काळात प्रायमर मिळेनासे झाले होते. पूर्वी हजाराला तीस-पस्तीस डॉलरला मिळणारे तेव्हा शंभरच्या वर गेले आणि पुन्हा त्या जुन्या भावाला आलेच नाहीत. म्हणून पावडर, गोळी, प्रायमर या तिन्हींमध्ये आधी प्रायमर मिळतात का ते पाहा. बाकीचं मिळतं.

ब्रासबाबत रिव्हॉल्व्हरवाला नशीबवान. ब्रास चक्रातच (सिलिंडरमध्येच) राहतं, जमिनीवर वेचत बसावं लागत नाही. दुकानातली काडतुसं मारलीत की ब्रास खोक्यात परत ठेवा. हलक्या मापाने भरलं तर एक ब्रास दहा वेळाही चालतं. तोंडाशी चीर दिसली की फेका. रेंजवर पडलेलं उचलण्याआधी विचारा. कित्येक रेंजवर बादलीत पडलेलं ब्रास रेंजच्या मालकीचं असतं.

आखूड नळीसाठी काय बदलायचं

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच.

मॅन्युअलमधला वेगाचा आकडा तुमच्या रिव्हॉल्व्हरचा नसतो. तो बहुतेक वेळा चार, सहा किंवा त्याहून जास्त इंचांच्या नळीतून मोजलेला असतो. दोन इंचांच्या नळीत पावडरला जळायला जागा आणि वेळ दोन्ही कमी. सेकंदाला शंभर-दोनशे फूट वेग कमी येणं अगदी सामान्य. तो गेलेला वेग परत आणायला पावडर वाढवू नका. वाढवलेल्या पावडरीतली बरीचशी नळीबाहेर ज्वाळा होऊन जाते. वेग थोडाच वाढतो, पण दाब, झटका आणि आवाज पुरता वाढतो. .३८ स्पेशलची उद्योगमान्य कमाल दाबमर्यादा १७,००० पीएसआय, प्लस-पीची (जास्त दाबाच्या .३८ ची) २०,०००, .३५७ मॅग्नमची ३५,०००. अॅल्युमिनियमच्या जुन्या हलक्या रिव्हॉल्व्हरला कित्येकदा प्लस-पीसुद्धा चालत नाही. नळीवर काय कोरलंय आणि पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा. तिथे नसेल तर चालत नाही असं समजा.

म्हणजे आखूड नळीसाठी बदल करायचा तो हलकं आणि सुसह्य काडतूस करण्याच्या दिशेने. घरी भरण्याचा खरा फायदा तोच. पंधरा औंसांच्या रिव्हॉल्व्हरने दुकानातली दमदार काडतुसं वीस मारलीत की तळवा दुखायला लागतो, ट्रिगर दाबण्याआधीच हात आक्रसतो आणि सराव वाया जातो. सौम्य काडतुसं शंभर मारता येतात.

पावडर जलद जळणारी घ्या. बुल्सआय, टाइटग्रुप, विंचेस्टर २३१ किंवा एचपी-३८. शेवटच्या दोन एकच पावडर आहेत, लेबल वेगळं. जो डबा स्वस्त असेल तो घ्या. एच-११० सारखी मंद पावडर दोन इंची नळीसाठी वापरू नका. तिचा उपयोग लांब नळीच्या मॅग्नमला. तिचं माप मनाने कमी करणंही धोक्याचं आहे, उत्पादक स्वतःच तसं बजावतो.

सौम्य मापासोबत गोळी शिशाची किंवा कोटिंग केलेली घ्या. तांब्याचं आवरण असलेली गोळी नळीत जास्त घासते. माप फार हलकं असेल तर ती नळीतच अडकते, आणि मागून दुसरी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या मापाच्या खाली जाऊ नका. 'हलकं म्हणजे सुरक्षित' हे इथे खरं नाही. आवाज दबका आला, झटका जाणवला नाही, की तिथेच थांबा. चक्र उघडा, रिकामं करा, नळीतून आरपार दिसतंय का पाहा. शंका असेल तर त्या दिवशीचा सराव बंद.

दुसरा धोका याच्या उलट. .३८ स्पेशलचं ब्रास मूळ काळ्या दारूसाठी बेतलेलं, १८९८ च्या सुमाराचं. आत जागा भरपूर. जलद पावडरीचं छोटं माप तळाशी बसतं, त्यावर चुकून दुसरं पडलं तरी सांडत नाही. म्हणून पन्नास ब्रास ठोकळ्यात उभी करा, सगळ्यांत पावडर टाका, मग टॉर्च घेऊन प्रत्येकात डोकवा. सगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. एखाद्यात जास्त किंवा कमी वाटलं तर ते ओता आणि पुन्हा मोजा. त्यानंतरच गोळी बसवा. या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, आणि टेबलावर एकाच पावडरचा डबा.

क्रिंपकडे, म्हणजे गोळीवर वळवलेल्या ब्रासच्या कडेकडे, नीट लक्ष द्या. हलक्या रिव्हॉल्व्हरचा झटका जोराचा. तो बसला की चक्रातली बाकीची काडतुसं मागे खेचली जातात आणि गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. गोळी ब्रासमधून पुढे सरकते, चक्राच्या तोंडाबाहेर येते आणि चक्र फिरायचं थांबतं. मग ते हातोडीशिवाय उघडत नाही. उपाय: ब्रासची कड गोळीच्या खाचेत नीट वळली पाहिजे. रोल क्रिंप करणारी डाय घ्या, आणि ब्रासची लांबी सारखी ठेवा. लांबी कमीजास्त असेल तर कुणाला क्रिंप घट्ट बसतो, कुणाला सैल. ब्रास छाटायचं साधन ३० ते १०० डॉलर, हा आणखी एक न सांगितलेला खर्च. ते नको असेल तर एकाच कंपनीचं, एकाच खोक्यातलं ब्रास एकत्र ठेवा.

तपासायला पैसे लागत नाहीत. पाच काडतुसांची लांबी कॅलिपरने मोजून लिहा. चार मारा, पाचवं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर क्रिंप कमी आहे. रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितकी ही चाचणी गरजेची. प्रत्येक नव्या मापाला ती पुन्हा करा. टायटॅनियम-स्कँडियमच्या काही .३५७ रिव्हॉल्व्हरच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलं असतं. तुमच्याकडे तसं असेल तर त्यावर वाद घालू नका.

स्थिर साइटवर नेम सरकतो, तेही जाणून घ्या. जड, संथ गोळी वर लागते, हलकी आणि वेगवान खाली. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तोवर झटक्याने नळीचं तोंड वर उचललेलं असतं. आखूड नळीच्या बऱ्याच .३८ च्या साइट्स १५८ ग्रेनच्या आसपास जुळवलेल्या असतात. गोळ्या खाली लागत असतील तर साइट घासण्याआधी गोळीचं वजन बदलून पाहा. घासलेली साइट परत येत नाही, आणि गनस्मिथचं बिल येतं.

प्रायमर पूर्ण आत बसला पाहिजे, बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये. वर राहिलेला प्रायमर चक्राला अडतो किंवा पहिल्या ठोक्याला पेटत नाही. आखूड रिव्हॉल्व्हरचा एजेक्टर रॉडही आखूड, ब्रास पूर्ण बाहेर ढकलत नाही. नळी वर करून तळहाताने एक जोरदार ठोका द्या. तरी अडकत असेल तर कप्पे घाण झालेत, किंवा माप जास्त झालंय. दुसरं कारण असेल तर उरलेली काडतुसं मारू नका, उलगडा.

क्रोनोग्राफ घ्यायचा का? वेग मोजायची हौस असेल तर १०० ते १५० डॉलरचा साधा पुरतो. रडारवाले त्याहून बरेच महाग आहेत, सरावाच्या सौम्य काडतुसांसाठी त्यांची गरज नाही. क्लबमधल्या कुणाकडे असेल तर एक दिवस मागून घ्या.

वॉरंटी, रेंज आणि स्वसंरक्षण

बहुतेक बंदूक कंपन्या घरी भरलेल्या काडतुसांमुळे झालेल्या नुकसानीची वॉरंटी देत नाहीत. नळी फुगली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून, आणि हलक्या रिव्हॉल्व्हरला ती बऱ्याचदा नव्या रिव्हॉल्व्हरच्या किमतीजवळ जाते. काही इनडोअर रेंज घरची काडतुसं आत घेऊ देत नाहीत, भाड्याच्या बंदुकीत तर नाहीच. सभासदत्व घेण्याआधी विचारा. तिथे त्यांचीच काडतुसं घ्यावी लागणार असतील तर तुमच्या तीस सेंटच्या बचतीला अर्थ नाही.

स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवायची काडतुसं मात्र दुकानातलीच ठेवा. वीसच्या खोक्याला २५ ते ४० डॉलर पडतात, आणि ते द्या. गोळी किती अंतरावरून सुटली, दारूच्या खुणा काय सांगतात असा प्रश्न कोर्टात आला, तर कंपनीच्या काडतुसाची तशीच दुसरी काडतुसं आणून चाचणी करता येते. तुमच्या काडतुसात काय होतं हे फक्त तुम्ही सांगू शकता, आणि तुम्ही तर आरोपी. शिवाय दुकानातल्या काडतुसाची शाश्वती जास्त. अधूनमधून त्यातलीही पाच मारून नेम कुठे लागतो ते पाहा.

शिसं विसरू नका. गोळीत आणि बहुतेक प्रायमरमध्ये ते असतं. ब्रास साफ करणाऱ्या कोरड्या यंत्रातून उडणारी धूळ सर्वांत वाईट. पाणी-साबण घालून धुणं बरं. हे काम स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर, लहान मुलांच्या खोलीत करू नका. नंतर हात थंड पाण्याने, साबणाने धुवा, कपडे वेगळे टाका. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना सांगा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ही तपासणी आधी करून घ्या आणि मगच ठरवा.

भारतात जाताना

रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कधीही एक नको. मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीत एक जिवंत काडतूस निघालं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. काडतूस चुकून राहिलं, माहीत नव्हतं, हा बचाव न्यायालयं ऐकतात. जाणीवपूर्वक ताबा हवा हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यातच सांगितलंय. पण तो बचाव उच्च न्यायालयापर्यंत नेऊन गुन्हा रद्द करून घेण्यात वकिलाची फी, चुकलेलं परतीचं विमान आणि संपलेली रजा जाते.

प्रेस, डाय, रिकामी ब्रास 'गावी बंदूक परवाना आहे, तिथे उपयोगी पडेल' म्हणून नेऊ नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. परवान्याशिवाय काडतूस बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. बंदूक बाळगायचा परवाना हा काडतूस बनवायचा परवाना नव्हे. गावाकडे कुणी 'अमेरिकेतून सामान आण, आपण भरू' म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने जात असाल तर काडतुसं चेक-इन सामानात, मजबूत खोक्यात. बहुतेक एअरलाइन्सची मर्यादा ११ पौंड. काही कंपन्या मूळ छापील खोक्यातलीच घेतात, घरची घेत नाहीत. तिकीट काढताना विचारा. पावडर आणि सुटे प्रायमर हातातल्या किंवा चेक-इन, कुठल्याच सामानात चालत नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या आतही हात घाला, आणि जॅकेटचे खिसे तपासा. रेंजवर घातलेलं जॅकेट घरीच ठेवा.